अडुसष्ट किलोच्या स्प्रिंगा

वाढदिवसाच्या केकवरची आगगाडी रुळांवरून घसरली होती. इंजिन क्रीममध्ये नाक खुपसून पडलं होतं, दोन डबे खोक्याच्या झाकणाला चिकटले होते आणि चॉकलेटचा स्टेशनमास्तर कुठेच सापडत नव्हता. ज्या मुलाचा वाढदिवस होता त्याला हा अपघात भलताच आवडला. त्याच्या आईला नाही आवडला. तिने फोन करून विचारलं, "जखमींचे पैसे वेगळे लावलेत का?"

फोन ठेवून केक करणारी बाई केक पोहोचवणाऱ्याकडे वळली. हा पोहोचवणारा म्हणजे तिचा नवरा. घर टेकडीच्या माथ्यावर, डांबरी सडक पायथ्याशी आणि मधे दगडधोंड्यांची वाट. या वाटेवर मोटार चढत नसे. म्हणून नवऱ्याने बंद पडलेल्या एका सहलीच्या कॅम्पमधून जुनी एटीव्ही उचलून आणली होती. जाडजूड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली ती चारचाकी कुठेही चढायची. फक्त चढताना आणि उतरताना ती प्रत्येक दगडाची खबर स्वाराच्या मणक्यापर्यंत नेऊन पोहोचवायची. तिचे शॉक अॅब्सॉर्बर कधीच मेले होते.

"यापुढे मी केक डोक्यावर घेऊन चालत उतरेन," बायको म्हणाली.

"काही गरज नाही," नवरा म्हणाला. "सस्पेन्शन बदलू. माझ्यावर सोड."

नंतर चारचौघांत ही हकिगत सांगताना तो नेमका इथे थांबतो आणि म्हणतो, "इथे मी तोंड मिटायला हवं होतं."

पण मिटलं नाही, कारण यंत्रांतलं आपल्याला कळतं असा त्याचा प्रामाणिक समज होता. यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करणं हा त्याचा व्यवसाय. धुलाईयंत्रं, पाण्याचे पंप, गवत कापायची मशिनं अशा कितीतरी वस्तूंवर तो अधिकाराने लिहीत असे. घरातला बल्ब मात्र बायको बदलायची. "यंत्र उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा," हे वाक्य त्याने इतक्या वेळा लिहिलं होतं की कुठलंही यंत्र उघडायची त्याला भीती वाटत असे.

नवा मिक्सर घेण्यासाठी बाजूला काढलेले पैसे बायकोने त्याच्या हातावर ठेवले. "एवढ्यात बसवा. वर काही मागायचं नाही."

मग नवऱ्याने अभ्यासाला सुरुवात केली. भाषांतरं बाजूला पडली. दिवसभर तो सस्पेन्शनचे व्हिडिओ बघू लागला. त्यांत उंच उंच उड्या मारणारी, चिखलाने माखलेली माणसं हसत हसत सांगत, की ही स्प्रिंग लावल्यापासून आयुष्यच बदललं. आपलंही बदलावं असं त्याला वाटू लागलं. जेवताना तो चमचा दाबून 'कंप्रेशन' दाखवायचा आणि सोडून 'रिबाउंड' दाखवायचा. एकदा चमच्यात वरण असताना रिबाउंड दाखवला. बायकोने मुकाट्याने भिंत पुसली.

"सर्वांत उत्तम म्हणजे गॅस भरलेले, वेगळी टाकी असलेले शॉक," त्याने जाहीर केलं.

"मग तेच घ्या."

"त्यांची किंमत आपल्या एटीव्हीपेक्षा जास्त आहे."

"मग?"

"मग एटीव्ही विकून नुसते शॉक घेता येतील."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पर्याय तिथेच निकालात निघाला. दुसरा पर्याय होता शर्यती खेळणाऱ्या एका गृहस्थाचे वापरलेले शॉक. नवरा ते बघायला गेला. जाणकार दिसावा म्हणून एक शॉक मांडीवर घेऊन, एक डोळा बारीक करून त्याने तो निरखला. शॉकमधलं सगळं तेल त्याच्या पँटवर आलं. "हा गळतोय," असं त्याने ठामपणे सांगितलं आणि काढता पाय घेतला. या साऱ्या शोधातून एवढं एकच निदान त्याने अचूक केलं, असं तो स्वतः मान्य करतो.

तिसरा पर्याय खिशाला परवडणारा निघाला. शॉक दुरुस्त करून घ्यायचे आणि स्प्रिंगा तेवढ्या नव्या टाकायच्या. एका दुकानात अशा स्प्रिंगा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे बनवून मिळत. अंगाच्या मापाने सदरा शिवावा तशा. बनवल्या की परत मात्र घेत नसत.

त्याने दुकानात फोन लावला तेव्हा तो स्वयंपाकघरात होता आणि केकच्या कापून काढलेल्या कडा संपवत होता. बोटं क्रीमने बरबटलेली, म्हणून फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. समोरच बायको साखरेची फुलं पाडत बसली होती.

"सामान किती वजनाचं असतं, सर?" दुकानातल्या बाईने विचारलं.

"मोठ्यात मोठा केक धरा, डब्यासकट बारा किलो," बायकोने परस्पर सांगितलं.

"ठीक. आणि चालवणाऱ्याचं वजन?"

बायकोच्या हातातलं फूल अर्धवट थांबलं. गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि 'उतरतंय हो' असं तो बायकोला दर आठवड्याला सांगत आला होता. उतरत होतं ते फक्त त्याच्या सांगण्यात.

"अडुसष्ट," तो म्हणाला. लग्नाच्या वेळी त्याचं वजन तेवढं होतं. आकडा तोंडातून इतका सहज गेला की क्षणभर त्यालाही खरा वाटला.

"हे कपडे, बूट, हेल्मेट धरून की सोडून?"

आता एक संधी होती. सोडून म्हणाला असता तर निदान चार किलो पदरात पडले असते. पण बायकोच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला होता की त्याच्याने राहवलं नाही. "सगळं धरून," तो म्हणाला.

"अहो, लग्नात होता तेवढे झालात की!" फोन बंद होताच बायको म्हणाली आणि कौतुकाने केकची आणखी एक कड त्याच्या पुढ्यात सरकवली. ती त्याने खाल्ली. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

स्प्रिंगा आल्या. लालभडक, चकचकीत. पायथ्याच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकने त्या बसवल्या, तेव्हा एटीव्ही नव्या बुटांतल्या माणसासारखी ताठ उभी राहिली.

"बसून बघा, साहेब," मेकॅनिक म्हणाला.

साहेब बसले. एटीव्ही खाली जाऊ लागली. म्हैस पाण्यात बसते तशी, घाई न करता, समाधानाने. जिथे थांबायला हवी होती तिथे ती थांबली नाही. शेवटी तळातून 'ठप्प' असा आवाज आला आणि सगळं स्थिरावलं.

मेकॅनिक गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "वजन किती सांगितलं होतं?"

"आहे तेवढंच," नवरा म्हणाला आणि पोट आत घेतलं. स्प्रिंगांना त्याने काही फरक पडला नाही.

मेकॅनिकचा साहेबांवर पूर्ण विश्वास होता. साहेब यंत्रांची पुस्तकं लिहितात, हे तो गॅरेजमध्ये येईल त्याला सांगत असे. तो तडक भडकला. "म्हणजे फसवलं तुम्हाला! चुकीचा माल गळ्यात मारला. द्या नंबर, मी बोलतो त्यांच्याशी. असं कसं चालेल?"

"नको, नको," नवरा घाईने म्हणाला. "जाऊ दे. नवीन दुकान आहे, बिचारे शिकतायत."

"शिकतायत? पैसे काय शिकायचे घेतात का? उद्या मी स्वतः जातो तिथे, स्प्रिंगा घेऊन. वजनकाट्यावर तुम्हाला उभं करतो त्यांच्यासमोर. मग बघू काय बोलतात!"

मेकॅनिकला शांत करायला नवऱ्याला दोन वेळा चहा पाजावा लागला आणि दुकानाची बाजू लढवावी लागली. दुकानदार हुशार असतात, यात लोखंडाचा दोष असणार, हवेतल्या दमटपणाने लोखंड मऊ पडतं, अशी बरीच माहिती त्याने दिली. मेकॅनिकने ती आदराने ऐकली आणि पुढे कित्येक गिऱ्हाइकांना ऐकवली.

"मग असं करू," शेवटी मेकॅनिक म्हणाला, "स्प्रिंगा पूर्ण आवळून टाकू. वर उचलेल गाडी."

उचलली. वाटेवर चाचणी घ्यावी म्हणून नवऱ्याने मागच्या कॅरिअरला पातेलं बांधलं आणि ते पाण्याने काठोकाठ भरलं. पाणी सांडलं नाही तर केकही हलणार नाही, असा त्याचा शास्त्रीय विचार होता. पहिल्या दगडावर एटीव्ही शिंगरासारखी उधळली. दुसऱ्या दगडावर पातेल्यातलं पाणी हवेत गेलं आणि तिसऱ्यावर ते त्याला गाठून डोक्यावर पडलं.

"पाऊस लागला का?" दारात बायकोने विचारलं. आभाळ निरभ्र होतं.

"चाचणी होती."

"मग पास झालात?"

तो कपडे बदलायला गेला. आवळलेल्या स्प्रिंगा सैल केल्या की गाडी बसायची, आवळल्या की उधळायची. आता एकच मार्ग उरला होता. स्प्रिंगांना माणसाजोगं करता येत नव्हतं, म्हणून माणसालाच स्प्रिंगांजोगं व्हायचं. त्या संध्याकाळपासून त्याने जेवण निम्मं केलं आणि केकच्या कडांना हात लावायचं सोडलं.

ही गोष्ट बायकोच्या लगेच लक्षात आली. पहिल्या दिवशी तिला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी चॉकलेटच्या केकची कड तो नको म्हणाला तेव्हा तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काही होतंय का तुम्हाला?"

"छे, भूक नाही."

"भूक नाही? तुम्हाला?" तिने हातातली कड खाली ठेवली. "आधीच अडुसष्टवर आलात, आता आणखी खाणं सोडलंत. काही तरी दुखणं आहे. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांच्या दारातच वजनकाटा होता. तो चुकवून आत जाता येत नसे. आजारी नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने तिच्यासमोर तीन पोळ्या जास्तीच्या खाल्ल्या आणि वर केकचा तुकडा मागून घेतला. बायकोचा जीव भांड्यात पडला. डाएट तिथेच संपलं. वजन, उतरलं असलंच काही तर, परत आलं.

मग त्याने गाडीचं वजन उतरवायला घेतलं. पुढचं कॅरिअर काढलं. लोखंडी बंपर काढला. हत्यारांची पेटी काढली. सीटमधला निम्मा फोम उपसला. एका रविवारी मडगार्ड काढले आणि त्याच दिवशी कळलं की त्यांना मडगार्ड का म्हणतात. पिस्त्याच्या रंगाचा एक केक खोक्यासकट तपकिरी होऊन पोहोचला. गिऱ्हाइकाने तो कॉफीचा समजून खाऊन टाकला नाही, एवढंच नशीब.

"गाडीला काय काढायचं राहिलंय आता?" अंगणात पडलेल्या ढिगाकडे बघत बायकोने विचारलं.

'मी,' असं उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं.

आणि नेमकी तेव्हाच लग्नाच्या केकची ऑर्डर आली. तीन मजली केक, साखरेच्या फुलांचे वेल, वर पांढऱ्या कमळाची कळी. बायकोला आजवर मिळालेलं हे सर्वांत मोठं काम होतं. नवरीची आत्या मोठा हॉल चालवत होती. केक नीट पोहोचला तर तिथली सगळी कामं हिलाच मिळणार होती. बायकोने चार दिवस घासभर खाऊन आणि डुलक्या घेऊन तो केक उभा केला. शेवटची कळी बसवताना तिने श्वास रोखला, आणि तो तिने सोडेपर्यंत नवऱ्यानेही आपला सोडला नाही. 'खरं सांगून टाकावं,' असं त्याला त्या क्षणी फार वाटलं. पण तिचे थकलेले डोळे पाहून धीर झाला नाही.

सकाळी दोघांनी मिळून केकचा उंच डबा मागच्या कॅरिअरवर चढवला आणि पट्ट्यांनी आवळला. डब्याला पुढून पारदर्शक खिडकी होती. पायथ्याशी हॉलची गाडी येऊन थांबली होती.

नवऱ्याने सीटवर पाय टाकला. जमेल तेवढं हलकं बसायचं म्हणून तो तीन टप्प्यांत बसला. एटीव्हीनेही तीन टप्प्यांत मान टाकली. तो हळूच निघाला. अंगणाच्या फाटकात एक दगड होता, दगड कसला, खडाच. 'ठप्प!'

"थांबा!" बायको ओरडली.

डब्याच्या खिडकीत कमळाची कळी बोटभर कलली होती. बायको कळीकडे बघत राहिली, मग स्प्रिंगांकडे, मग नवऱ्याकडे.

"उतरा," ती म्हणाली.

"अगं, ही चालवणं वाटतं तितकं सोपं नाही. यात तंत्र असतं…"

"उतरा."

तो उतरला. गाडी सुटकेचा निःश्वास टाकावा तशी वर आली. बायकोने डबा उघडून कळी हलक्या हाताने सरळ केली, पदर खोचला आणि हँडल धरलं. ती कित्येक वर्षं स्कूटर चालवत होती, हे नवरा तंत्राच्या नादात विसरला होता.

ती निघाली आणि तो बघतच राहिला. चाकं दगडांवरून वरखाली होत होती, चारही लाल स्प्रिंगा मागेपुढे श्वास घेत होत्या, पण बायको आणि केक तळ्यावरून होडी जावी तसे चालले होते. व्हिडिओतली चिखलाने माखलेली माणसं ज्याबद्दल बोलत होती ते हेच. त्याच्या अभ्यासातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. त्याला अभिमान वाटला आणि त्याच वेळी घामही फुटला.

पहिल्या वळणावर एटीव्ही थांबली. बायकोने मागे वळून पाहिलं. तो धावत जवळ पोहोचला.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "ही तर लोण्यासारखी चालते."

"म्हटलं नव्हतं?" तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही बसलात की तळ गाठते. मी बसले की लोणी. फोनवर अडुसष्ट सांगितलं होतंत ना?"

पायथ्याशी हॉलच्या गाडीने हॉर्न दिला. नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याला आजही आपलं वाटत नाही.

"तुझ्यासाठी सांगितलं होतं," तो म्हणाला. "ही गाडी तू चालवावीस असं पहिल्यापासून मनात होतं. तुला अचानक आनंद द्यायचा होता."

बायकोचा चेहरा मऊ झाला. इथे तो वाचला असता. पण बायकोला हिशेब लागायला वेळ लागत नसे.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझं वजन अडुसष्ट?"

धावून धावून तो आधीच लाल झाला होता, आता पांढरा पडला. "तसं नाही. म्हणजे, अंदाजे. हेल्मेट धरून."

"माझं बासष्ट आहे."

"बासष्टच. मीही तेच म्हणतो."

"मग सहा किलोचं हेल्मेट?"

"बूटही धर ना," तो काकुळतीने म्हणाला.

तिने खाली वाकून स्प्रिंगांकडे पाहिलं. बासष्टच्या माणसाखाली अडुसष्टच्या स्प्रिंगा जराशा ताठ राहायला हव्या होत्या. त्या मुळीच ताठ नव्हत्या. अगदी मापाच्या होत्या. हे नवऱ्याला कळत होतं, आणि तिच्या गप्प बसण्यावरून तिलाही कळलं असावं. हॉर्न पुन्हा वाजला.

"चला, उशीर होतोय," ती पटकन म्हणाली आणि विषय तिथेच सोडून निघून गेली.

केक पोहोचला. एक पाकळी हलली नव्हती. नवरा पायथ्याशी पोहोचला तेव्हा डबा गाडीत चढला होता आणि नवरीची आत्या बायकोचे दोन्ही हात हातात घेऊन पुढच्या महिन्यातली लग्नं सांगत होती. "आणि हे कोण?" गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असलेल्या माणसाकडे बघून तिने विचारलं.

"आमचे हे," बायको म्हणाली. "गाडीचं सस्पेन्शन यांनीच निवडलं."

"फारच छान निवडलंय हो!" आत्या म्हणाली. नवऱ्याने वाकलेल्या अवस्थेतच मान आणखी थोडी वाकवली.

हॉलची गाडी गेली. दोघं सडकेच्या कडेला उरले. ऊन चढलं होतं आणि वर घर लांब दिसत होतं.

"बसा मागे," बायको म्हणाली.

"नको, मी चालत येतो. तेवढाच व्यायाम."

"बसा म्हणते ना. केक पोहोचला आता, कुणाचं काय मोडायचंय?"

तो तिच्या मागे बसला. एटीव्ही बसली ती जवळजवळ रस्त्यालाच टेकली. बायकोने गिअर टाकला आणि ते निघाले. पहिला दगड आला. 'ठप्प!' दोघांचे दात एकमेकांवर आपटले. दुसरा आला. 'ठप्प!' तिसऱ्याला बायकोच्या खांद्यावर त्याची हनुवटी आदळली. वळणाशी पोहोचेपर्यंत तिचे खांदे हलायला लागले होते. ते दगडांनी हलताहेत की हसण्याने, हे मागून त्याला कळेना.

"या वाटेवर," पुढे बघत ती म्हणाली, "दगड फार झालेत हल्ली."

"वाढलेत खरे," तो म्हणाला आणि तिला घट्ट धरून पुढच्या 'ठप्प'ची वाट बघू लागला.